ओळख दाखवली नाही

गुरुजी, तुमच्या आजाराला शब्द आहे, हे मला तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षांनी कळलं. चेहरेअंधत्व. डोळे शाबूत असतात, समोरच्याचं नाक, कपाळ, मिशी सगळं दिसतं, पण हा माणूस कोण, ते चेहऱ्यावरून कळत नाही. परभणीच्या एका डॉक्टरांनी हे समजावलं तेव्हा मला राग आला तो त्या शब्दाचाच. तो तुम्हाला सोडवायला आला होता.

पालमच्या शाळेत तुम्ही कोणाला नावानं हाक मारली नाहीत. "दुसरा बाक, वाच." पोरं म्हणायची, "मास्तर बाकाला शिकवायलेत, आपल्याला न्हाई." एकदा आम्ही जागा बदलल्या, तर माझ्या निबंधाची शाबासकी तुम्ही पाटलाच्या पोराच्या पाठीवर दिलीत. पण मी बोलायला लागलो की तुम्ही लगेच वळायचात. माझा आवाज तुम्हाला पाठ होता. भाषण करायला तुम्हीच शिकवलंत.

मग विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलं आणि गावाबाहेरची आमची वस्ती जळाली. चौथ्या दिवशी मी एसटी स्टँडवर उभा आहे, अंगात दुसऱ्याचा सदरा. तुम्ही समोर येऊन थांबता, माझ्याकडे नीट पाहता आणि विचारता, "कोणत्या गाडीसाठी थांबलात तुम्ही?"

तुम्ही. ज्या तोंडून कायम 'अरे' आणि 'तू' ऐकलं, तिथून आलेला तो आदर मला थोबाडीत बसला.

त्यानंतर पाथरीपासून पेडगावपर्यंत प्रत्येक सभेत मी सांगितलं, माझ्या गुरुजींनी ओळख दाखवली नाही. 'ओळखलं नाही' असं एकदाही म्हणालो नाही. एका क्रियापदानं माणूस गुन्हेगार ठरतो, हे व्याकरण तुमच्याकडूनच शिकलेलं. तुम्ही कधी खुलासा केला नाहीत.

तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी काकू भेटल्या. "अरे, मलाबी बांगड्यांवरून ओळखायचे ते. भावाच्या लग्नात नव्या भरल्या, तर मलाच विचारलं, आमची मंडळी कुठं हाय?" हसल्या, आणि मग म्हणाल्या, "तुझ्या सभेला आलते एकदा. मागं उभं राहून समदं ऐकलं. घरी येऊन जेवले न्हाईत." ते ऐकूनच मी डॉक्टरांकडे गेलो होतो.

माफी मागायला बसलो की हात थांबतो. चेहरा ओळखता येत नव्हता, मान्य. पण वस्ती शाळेपासून कोसभरावर होती आणि वाट तुम्हाला ठाऊक होती. तीन दिवस धूर दिसत होता. धुराला चेहरा लागत नाही, गुरुजी. तुम्ही आला नाहीत, त्याला कुठला शब्द आहे हे डॉक्टरांना सांगता आलं नाही.

हे पत्र काकूंना वाचून दाखवणार होतो. दाखवणार नाही. स्टँडवर तुम्ही विचारलंत तेव्हा नुसतं 'गुरुजी' म्हणालो असतो तरी पुरलं असतं. ओळखतात का बघू, म्हणून मी मुद्दाम तोंड मिटलं आणि परभणीच्या गाडीकडे बोट दाखवलं.