डाळिंबाला शनिवारपर्यंत मुदत

२ मे २०१६, सोमवार

जिभेला आवर घालायला हवा होता!

सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं — टँकरचं पाणी साठवायला नवा हौद बांधायचा, तोही नेमका माझ्या डाळिंबाच्या जागी. दुसरी जागा एकच, चेअरमन विठ्ठलरावांच्या दारासमोर. तिथे त्यांची जीप असते. तिचं नाव कोण काढणार?

मी उठले. म्हटलं, "आम्ही ज्यू. आमच्या तोराहात, धर्मग्रंथात सांगितलंय — शत्रूच्या गावाला वेढा घातला तरी फळाचं झाड तोडायचं नाही."

विठ्ठलराव फाईलची लाल नाडी बोटाला गुंडाळत होते. गोड आवाजात म्हणाले, "अन् बिनफळाचं, सिस्टर?"

आता खोटं कसं बोलू? "ते तोडता येतं."

"मंग तुमचं डाळिंब कोन्या जातीत बसतं? आमी तर तीन वर्षं नुसती फुलं बघतोय!"

सगळी कॉलनी हसली. मीही हसले, मेली! ठरलं — शनिवारी सकाळी बघायचं. फळ दिसलं तर झाड राहील. नाहीतर सोसायटीचा गडी रामकिसन कुऱ्हाड घेऊन येणार.

३ मे

फुलं आहेत. झाडावर कमी, मातीत जास्त.

मी इथे दवाखान्यात नर्स म्हणून लागले त्या वर्षी यांनी हे रोप अलिबागहून आणलं. एस.टी.त, ओल्या गोणपाटात गुंडाळून, मांडीवर बसवून. कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट मागितलं होतं! हे गेले, झाड राहिलं. आता तेही...

भाकरीआधी हात धुतले ते पाणी घमेल्यात धरलं आणि आळ्यात ओतलं. अलिबागला आई असंच पाणी केळीला सोडायची. कॉन्व्हेंट शाळेत मदर अगाथा पेला अर्धाच भरायच्या — "लागेल तेवढंच, मुलींनो." आईचा देव आणि मदरचा देव, निदान पाण्यापुरते तरी एकच होते.

४ मे

शेजारच्या छबुबाई कुंपणावरून — "कावून एवढा जीव टाकता? दुसरं लावा की!"

म्हटलं, "लावायला यांना कुठून आणू?"

त्या आत निघून गेल्या. संध्याकाळी तांदळाचं धुवण घेऊन आल्या. "साबनाचं न्हाई, बघून घ्या." त्यांच्या मागून आणखी दोघीतिघी, पातेली घेऊन. या उन्हाळ्यात! इथे लोक पाण्याच्या हंड्याला कुलूप लावतात.

५ मे

विठ्ठलराव फाटकाशी थांबले. झाडाकडे बघत म्हणाले, "तुमचे साहेब हाताला धरून डाळिंब खाऊ घालायचे." मग उगाच खोकले आणि गेले.

६ मे, शुक्रवार

शब्बाथचे दिवे लावायच्या आधी शेवटचं घमेलं ओतलं. सगळ्या फांद्या वाकवून पाहिल्या. फळ नाही.

उद्या विसाव्याचा वार: पाणी घालणं नाही, फूल तोडणं नाही, साधी गाठसुद्धा बांधायची-सोडायची नाही. नुसतं बघत उभं राहायचं.

७ मे, शनिवार — चांदण्या दिसल्यावर, शब्बाथ संपला

अगं बाई! सकाळी बाहेर येते तर वरच्या फांदीला डाळिंब! टपोरं, बाजारातलं. देठाशी कसलीशी गाठ. मी छबुबाईंकडे पाहिलं. त्यांनी गळ्याला हात लावला — "आईशप्पत, मी न्हाई!"

तेवढ्यात विठ्ठलराव आणि रामकिसन. विठ्ठलरावांनी चष्मा पुसला. "फळ हाय की बे!"

गप्प बसायचं ना? पण खरं बोलणं मदर अगाथांनी घोटून घेतलेलं! "साहेब, ते बांधलेलं आहे."

"मंग सोडा."

"आज शनिवार. आम्हाला आज गाठ सोडता येत नाही."

रामकिसनने कुऱ्हाड खाली ठेवली. "मी सोडतो की!"

"खबरदार!" विठ्ठलराव कडाडले. "बाईच्या धर्मात हात घालतो व्हय? शनवारी बघायचं ठरलं व्हतं. शनवारी फळ हाय. चल!"

छबुबाई पदर तोंडात कोंबून आत पळाल्या.

झाड वाचलं. पण लबाडीने वाचलं, हे मनातून जाईना. कुणाची लबाडी, तेही कळेना.

८ मे, रविवार

विठ्ठलरावांची जीप रस्त्यावर, उन्हात. तिच्या जागी हौदासाठी फक्कीच्या रेघा!

स्टुलावर चढून गाठ सोडली. सोसायटीच्या फाईलची लाल नाडी.