मॉलसमोरचा चहा

सातारा,
मंगळवार

प्रिय सोनम,

पत्र कुणाचं म्हणून पाकीट उलटसुलट करून बघितलं असशील. मीच आहे. फोनवर हे जमलं नसतं. तू मध्येच हसली असतीस आणि मी विषय बदलला असता. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, आता तर तो जास्तच संशयी झालाय. दूध हुंगल्याशिवाय घेत नाही, वांगी घेताना भाजीवालीच्या तोंडाकडे बघते. घरात मला सीआयडी म्हणतात. पण सगळ्यात मोठा संशय मी तुझ्यावर घेतला होता आणि पंधरा वर्षं तो कुणाला न सांगता सांभाळला. आपलं बोलणं त्यानेच तुटलं. आज तो तुझ्यासमोर ठेवते, मग आपल्या मैत्रीचं काय करायचं ते तू ठरव.

मागच्या आठवड्यात तुझा मेसेज आला, रविवारी आपला मॉल कायमचा बंद होतोय, ये, शेवटचं फिरू. माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? हिला माझ्याकडून काय पाहिजे? विमा उतरवायला लावणार, नाहीतर कुठल्यातरी साबण-पावडरची एजन्सी घेतली असेल. तरी आले. आबांना भेटायला माहेरी जाते असं घरी सांगितलं आणि सांगलीची एसटी धरली.

पार रया गेली गं त्याची. आपण विशीच्या होतो तेव्हा एप्रिलात लोक तिथं नुसती गार हवा खायला यायचे. तासगाव-पलूसकडून जीप करून माणसं सरकता जिना बघायला यायची. फरशी इतकी चकाकायची की गावाकडची माणसं देवळात काढतात तशा काचेच्या दारापाशीच चपला काढायची, आणि दुपारपर्यंत तिथं ढीग साचायचा. तुझी ड्यूटी जिन्याच्या पायथ्याशी. नऊवारीतल्या बाया पाय टाकायला घाबरायच्या, आणि तू त्यांचा हात धरून गप्पा मारत त्यांना वर आणायचीस. मी वर, लेडीज सेक्शनला. निळा कोट, छातीवर नावाची पट्टी, आणि ट्रेनिंगमध्ये घोटून घेतलेलं की गिऱ्हाइकाला काका-मावशी म्हणायचं नाही, सर आणि मॅडमच म्हणायचं. आता जिना बंद पडलाय. कारंज्याच्या हौदात प्लॅस्टिकच्या खुर्च्या रचून ठेवल्यात. आपल्या सेक्शनच्या जागी कुठल्याशा क्लासचा फाटका बोर्ड लटकतोय. मला खरंच रडू आलं. कॉलेज सुटल्याचं दुःख झालं नव्हतं, त्या जागेचं झालं.

आता संशयाचं. खाली मोबाइलच्या काउंटरवरच्या विश्वजीतबरोबर मी दोनदा आइस्क्रीम खाल्लं, हे फक्त तुला माहीत होतं. त्या डिसेंबरात आबा खत न्यायला सांगलीत आले होते. वरच्या काचेतून मला दिसलं, समोरच्या टपरीवर तू आणि आबा चहा पीत बसलाय. तू बोलतेयस, आबा मान खाली घालून ऐकताहेत. दुसऱ्या दिवशी आबांनी मला नोकरी सोडायला सांगितली आणि फाल्गुनात माझं लग्न उरकलं. मला आणखी पुरावा नको होता. लग्नाची पत्रिकासुद्धा तुला टपालानं पाठवली, आठवत असेल.

परवाच्या रविवारी मी तुला दिसले नाही, कारण मला दिसायचंच नव्हतं. खांबाआड उभी राहून बघत होते, तुझ्याबरोबर कोण आहे, विश्वजीतला तर बोलावलं नाहीस ना. तू एकटीच होतीस. बंद जिन्याच्या खालच्या पायरीवर पर्स मांडीवर घेऊन बसली होतीस आणि सारखी दाराकडे बघत होतीस. केस किती पांढरे झालेत तुझे. तासभर मी तशीच उभी राहिले आणि मग मागच्या दारानं निघाले.

तिथून गावी गेले. आबा पडवीत शेंगा फोडत बसले होते. इतक्या वर्षांनी एकदाचं विचारलं, विश्वजीतचं तुम्हाला सोनमनंच सांगितलं ना? आबांनी वर बघितलं आणि म्हणाले, "कोन विश्वजीत?"

टपरीवरच्या चहाआधी आबा वर आले होते, हे मी आत्ता वर लिहिलं नाही. स्वतःलाही कधी सांगत नाही. तुला ते माहीतच आहे, तूच त्यांना जिन्यावरून हात धरून आणलंस. चपला दारात काढलेल्या, पायजम्याला माती, हातात माझ्यासाठी काकवीची बाटली. माझ्या शेजारी फ्लोअर मॅनेजर उभा होता. आणि मी माझ्या बापाला म्हणाले, "येस सर, काय दाखवू?" आबा चुकून वर आलो म्हणाले आणि वळले. मला वाटलं, त्यांनी समजून घेतलं.

आबा आता रागावलेही नाहीत. शेंगा फोडत फोडतच म्हणाले, "सतरा वर्सं फौजेत दुसऱ्याला साहेब साहेब करण्यात गेली. मला सर म्हननारी पैली तूच." तेवढ्यासाठी त्यांनी नोकरी सोडवली होती. आणि टपरीवर तू त्यांना सांगत होतीस की पोरगी वाईट नाही, आत तसंच बोलायला लावतात, मनावर घेऊ नका. तू माझी बाजू मांडत होतीस गं. आणि ते कधी मला बोलूनही दाखवलं नाहीस.

एवढंच असतं तर माफी मागून इथंच थांबले असते. पण नोकरी सोडताना नोटिशीचे आठ दिवस भरायला मी आले होते. त्यातल्या एका सकाळी तुझ्यावरचा राग काढायला मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं, सोनम दुकान उघडायच्या आधी नवे ड्रेस ट्रायल रूममध्ये घालून फोटो काढते. ते फोटो तू फक्त मला दाखवायचीस. त्याच आठवड्यात तुला काढलं. तुला वाटलं, सकाळी दार उघडून देणाऱ्या वॉचमन नानासोंनी चुगली केली. भर दारात तू त्यांना नाही नाही ते बोललीस, आणि मी शेजारी उभी राहून ऐकलं. परवा मागच्या दाराला तेच होते. थकलेत. मला ओळखलं आणि म्हणाले, "ती सोनम आत बसलीया. अजूनबी माझ्याकडं बगत न्हाई. मी काय केलं हुतं गं?" मी त्यांचा नंबर तेवढा मागून घेतला आणि निघाले. सोनम, त्यांनी काही केलं नव्हतं. मी केलं होतं. नंबर मागच्या पानावर आहे. मला फोन नको करूस, आधी त्यांना कर.

तुझीच म्हणवायला धजत नाही, तरी तुझीच,
संयोगिता