जोयाच्या पांढऱ्या पेशी

चि. जोयास,

मुस्तफामामूचा सलाम आणि खूप दुवा. अल्लाच्या कृपेने इथे सगळे ठीक, फक्त तुझी मामी माझ्याशी बोलत नाही. तुझी तब्येत कशी आहे ते सविस्तर कळव. रीत म्हणून विचारत नाही. अख्खं खारेपाटण मला विचारतंय आणि उत्तर देऊन देऊन माझा घसा बसला आहे.

झालं असं. शुक्रवारी नमाजनंतर मिठबावहून रमीझचे आईवडील तुझ्यासाठी मागणं घेऊन आले. (रमीझ म्हणजे बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा. फोटो तुझ्या आईने पाठवला आहे, तू तो उघडलेला नाहीस.) मामीने मला बजावलं होतं, मुलगी पुण्याला नोकरी करते एवढंच सांगा आणि घावणे पुढे करा. पण त्याची आई, सनोबरबी, विचारू लागल्या, कसली नोकरी? आता ईदला तू मला एवढं बसवून शिकवलंस, ते काय पाण्यात घालायचं? मी छाती पुढे काढून म्हणालो, "जोयाचं पुण्यात पांढऱ्या पेशींचं काम चाललंय."

सनोबरबींचा घास हातातच राहिला. "कधीपासून आसा ह्यां?" त्यांनी हळूच विचारलं. मला वाटलं नोकरीचं विचारतायत. म्हटलं, बरीच वर्षं झाली, आणि अजून बरीच जातील! मामीने मला असा चिमटा काढला की दंड अजून निळा आहे. मग मी सावरायला गेलो. रक्त तिचं नाही हो, लोकांचं. ती फक्त तपासते. "लोकांचा रगात?" असं म्हणून रमीझचे वडील खुर्ची मागे सरकवून बसले. तेव्हा गप्प बसायला हवं होतं, कबूल. पण मी मुळापासून सुरुवात केली. प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात; कुठलं चालू ठेवायचं नि कुठलं बंद, हे त्यांच्यावर बसणारी प्रथिनं ठरवतात. प्रथिनं म्हटल्यावर वडिलांनी विचारलं, मग अंडी खायची की सोडायची? (डॉक्टरांनी त्यांची बंद केली आहेत, हा दुखरा विषय.) अंड्यांतून बाहेर पडता पडता माझा जीव गेला. शेवटी तू सांगितलेलं तेही सांगितलं, की रोगाशी लढणाऱ्या पेशींना आवरणाऱ्याही काही पेशी असतात, आणि त्यांच्यातलं ते एक प्रथिन बिघडलं तर आवर सुटतो, लढणाऱ्या पेशी आपल्याच अंगावर उठतात. हे ऐकून सनोबरबी उठल्याच. चहाही घेतला नाही.

संध्याकाळपर्यंत बाजारात बातमी: जोयाला रक्ताचा आजार. बाबली रिक्षावाला पपईच्या पाल्याचा रस घेऊन आला. (परत पाठवणं बरं दिसेना. मामीने तो मला प्यायला लावला.) मथुराकाकूने तुझ्यासाठी देवीला कोंबडा बोलून ठेवला आहे, तू ठणठणीत आहेस म्हटलं तर डोळे पुसत म्हणते, "लपवू नको रे मुस्तफा." अगं, बँकेत लागली असतीस तर मी एका शब्दात सुटलो असतो!

तुझा,
मुस्तफामामू

ता. क. काल खुलासा करायला मी मिठबावला जाऊन आलो. मामीला सांगू नकोस, तिला वाटतंय मी कणकवलीला गेलो होतो.

आणखी ता. क. खरं तर पत्र ह्यासाठीच. तू धडधाकट आहेस हे सनोबरबींनी लगेच मानलं. त्या उठून गेल्या त्या वेगळ्याच कारणाने. त्यांनी पदराखालचे हात मला दाखवले. बोटांचे सांधे सुजून वाकडे झालेत. डॉक्टर म्हणाले होते, तुमचंच शरीर तुमच्याशी लढतंय. पुढे कोणी काही सांगितलं नाही. बाईंनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावून घेतला आणि इतकी वर्षं मनात ठेवला. मला म्हणाल्या, "माझ्याच हातून काय चुकला म्हणान झाला काय ह्यां?" मी म्हटलं, नाही. अगदी ठासून म्हटलं. घरी येताना एसटीत मात्र भीती वाटली, आपण पुन्हा भलतंच तर नाही ना बोललो. लग्नाला तुझा नकार असेल तर असू दे. पण त्यांना एक फोन कर, आणि मी बरोबर सांगितलं की नाही, ते आधी मला कळव.