महिन्याने दुसरी सुई

पल्लवी,

तू बाळंतपणाला चांदवडला माहेरी गेलीस आणि निफाडात तुझ्या वाटणीचं कामही माझ्याच अंगावर पडलं. हे पत्र तुला धाडायचं नाही, म्हणून खरं लिहिते. तुझा मला लय हेवा वाटतो.

परवा द्राक्षबागेत जुन्या तारेचं टोक पायात खोल घुसलं. सासूबाईंनी लगेच वर शेण लिंपलं. मी सुई घेऊन येते म्हटलं, तर म्हणाल्या, "धनुर्वाताची सुई पोटुशा बाईला असती. तुला कशाला?"

या घरात आधी मी आले, पण दोन्ही सुयांना त्यांनी छत्री धरून तुला नेलं. मी एकटी लंगडत दवाखान्यात गेले. सिस्टरने साबणाने जखम धुतली आणि मलाच झापलं, "अहो, शेणामातीतच असतात हे जंतू! ही सुई सगळ्यांना लागते. लहानपणी घेतली होती का?"

मला कुठलं आठवतंय? तिने एक टोचली आणि महिन्याने दुसरीला बोलावलं.

परतताना वेशीपाशी धोंडाबाई भेटली. पायाची पट्टी साडीखाली होती, तिला दंडावरचा कापूसच दिसला. चेहरा खुलला तिचा. "कितवा महिना गं?"

मी नाही म्हटलंच नाही. तिने मला सावलीत बसवलं, तांब्याभर पाणी दिलं, "जपून जा," म्हणाली.

तुला रोज असंच वाटायचं का गं?

दुसऱ्या सुईला मी भर बाजारातून जाणार आहे.

तुझी थोरली जाऊ,
मंदा