चार नोटा आणि पाचवी

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, राहणार शिंप्याच्या दुकानावरची खोली, काम वाहनतळाच्या दुसऱ्या फाटकावर पैसे घेणे, माझ्यामागे कोणाचा घोळ होऊ नये म्हणून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. कोणी बळजबरी केलेली नाही. माझी बुद्धी शाबूत आहे. पोट शाबूत नाही, ते परवा उघडणार आहेत. सर्जन म्हणाले, "घाबरू नका, ही रोजची कामं आहेत." त्यांची रोजची असतील, माझे पहिलेच आहे.

शाळा नववीत सुटली, म्हणून कायद्याची भाषा चुकल्यास अर्थ धरावा. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टने फुकटात एवढेच सांगितले की साक्षीदार दोन लागतात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीची सही करू नये. केली तर त्याचा वाटा जातो.

कलम १. खोलीची अनामत रक्कम दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला मिळावी. भिंतीतल्या खिळ्याचे पैसे शिंपी कापू पाहतील. तो खिळा माझ्या आधीपासून तिथे आहे.

कलम २. इस्त्री व दोन पातेली वहिनीला. इस्त्रीची वायर नवी आहे. वहिनी भेटली की म्हणते, "भावजी, या हो कधीतरी जेवायला." तो दिवस कोणता, हे तिने कधी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

कलम ३. शिट्टी आणि रेनकोट पहिल्या फाटकावरच्या मामांना. ते माझे सख्खे मामा नव्हेत, सगळेच त्यांना मामा म्हणतात.

कलम ४. पलंगाखालच्या डब्यात चार नोटा आहेत, दहाची, विसाची, पन्नासाची आणि शंभराची. चौघींच्या पुढची अक्षरे वेगळी, पण नंबर एकच, ४१७९०६. पहिल्या दोन एकाच दिवशी गल्ल्यात आल्या. परक्या शहरात दोन अनोळखी माणसे एकाच गावची निघावीत, तसे मला वाटले. तेव्हापासून खिडकीतून येणारी प्रत्येक नोट मी वाचतो. जुळली की तेवढेच पैसे खिशातून गल्ल्यात टाकून ती घेतो. केबिनमधून माणसांची तोंडे दिसत नाहीत, फक्त हात दिसतात.

दादाला या नोटा देऊ नयेत. त्याने एकदा त्यातली विसाची उचलून केस कापून घेतले. मी न्हाव्याच्या दारात जाऊन बसलो. न्हावी म्हणाला, "अरे, नोट ती नोट! तिला काय सोनं लागलंय?" गिऱ्हाइके हसली. मी दुसरी विसाची दिली, तेव्हा ती सुटली. एकेकट्या केल्या तर त्यांची किंमत छापली आहे तेवढीच, एकत्र असल्या तर जास्त, हे दादाला कधी पटणार नाही.

कलम ५. म्हणून चारही नोटा, सुट्या न करता, निळ्या स्कूटरच्या मालकिणीला द्याव्यात. तिचे नाव मला माहीत नाही. गाडीचा नंबर डब्यातल्या नोटांच्या पाकिटावर लिहिला आहे.

मी नोट निरखतो म्हणून तिने पहिल्यांदा विचारले होते, "खोटी वाटते का माझी?" मी कारण सांगितले. त्यानंतर ती नोट देण्याआधी स्वतःच वाचायची. "काय हो नंबरवाले, आज शेवटचे दोन जुळतायत. तोंड गोड करा!" दिवसभरात माझ्याशी पैशांपलीकडचे बोलणारी ती एकटीच होती.

एकदा तिच्या पगारात पाचशेची आली, ४१७९०६. मी माझी पाचशेची पुढे केली. तिने तिची पर्समध्ये परत ठेवली.

"नाही देणार. सेट पुरा झाला की तुम्ही माझ्याशी बोलणार तरी का?"

मी म्हणालो, "मॅडम, थट्टा नको. मागे गाड्या खोळंबल्यात."

दुसऱ्या दिवशी मी सुटे पैसे वर न बघता दिले. तिसऱ्या दिवशीही. पुढे ती पहिल्या फाटकाने जाऊ लागली.

तिने नोट दिली नाही, याची इथे नोंद राहावी. माझा राग आहे तसा आहे. पण चार तिच्याकडे गेल्या तरच पाच एकत्र येतात, दुसरा मार्ग मला दिसत नाही. तिने विचारले तर मामांनी सांगावे की आता बोलण्याचा प्रश्न नाही, तेव्हा सेट पुरा करायला हरकत नसावी.

पुरवणी, दुसऱ्या दिवशी लिहिलेली. मामांना साक्षीसाठी बोलावले होते. ते तिला घेऊन आले. म्हणाले, "पोरा, दुसरा साक्षीदार आणलाय. रोज मला विचारते, तुमचा नंबरवाला बरा आहे ना? मी किती दिवस बरा आहे, बरा आहे म्हणू?"

केबिनमध्ये तिघे मावत नाहीत. ती बाहेर, खिडकीशी उभी राहिली आणि हे सगळे कागद तिने वाचले. कलम पाच दोनदा वाचले. मग पेन मागितला.

मी म्हणालो, "सही केलीत तर नोटा तुम्हाला मिळणार नाहीत."

"वाचता येतं मला."

तिने सही केली आणि पेन खिडकीतून आत सरकवला. "आता त्या चार कुणाच्याच नाहीत. तुम्हालाच परत यावं लागेल. पाचवी माझ्याकडे आहे, आणि ती मी कुणाच्या भावाला देणार नाही."

मामांनीही सही केली, त्याने कलम ३ गेले; ते म्हणाले, शिट्टी माझ्याकडे आहेच. तिच्या सहीने कलम ५ बाद झाले. त्या जागी दुसरे नाव घालायला मामा सांगत होते. मी घातलेले नाही.

ठिकाण: वाहनतळ, दुसरे फाटक.
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस.
लिहून ठेवणार: (सही)
साक्षीदार पहिला: मामा, पहिले फाटक. (सही)
साक्षीदार दुसरी: निळी स्कूटर. (सही. खाली पूर्ण नाव आहे. मी ते आज पहिल्यांदा वाचले.)