पिवळ्या काठाचं घायपात

३ एप्रिल, गुरुवार

माझ्या हातानं केलेलं — बोअरची मोटार, जळालेलं वायंडिंग तीनदा स्वतः भरलेली. तिसऱ्या भरणीला अकरा वर्षं झाली, अजून एकदाही जळाली नाही. सायकलींच्या सोळा रिंगा जोडून केलेला मधुमालतीचा मांडव. सलाइनच्या नळ्यांचं ठिबक — मिनिटाला वीस थेंब, कमी नाही, जास्त नाही. तिरप्या विटांचे वाफे, दोरी लावून. मोगऱ्याची अकरा झाडं, एकाच फांदीपासून. अनंताची गुटी — पहिल्या चार वाया गेल्या, पाचवी लागली. पत्रा कापून केलेल्या पाट्या, त्यांवर ऑइलपेंटनं प्रत्येक झाडाचं नाव. शाळा सातवीपर्यंत. बाकी सगळं बघून, वाचून, चुकून.

घायपात मात्र मी लावलेलं नाही. ते सितारामनं लावलं. सिताराम एसटीवर ड्रायव्हर होता. २००१ च्या जूनमध्ये त्यानं ते हैदराबादहून आणलं, केबिनमध्ये पायाशी ठेवून, थेट बोरीपर्यंत. त्याच्या अंगणात फरशी, म्हणून खड्डा माझ्या परसात केला. दोन्ही घरांच्या मधे भिंत नाही, कधीच नव्हती. म्हणाला, ‘झाड मपलं, जागा तुपली.’

त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. सुलावहिनी — त्याची बायको — रोज सकाळी झाडाला एक तांब्या पाणी घालतात. त्याला पाणी लागत नाही, हे मी शंभरदा सांगितलं. त्या ‘व्हय भावजी’ म्हणतात आणि घालतात.

आज मधल्या कोंबातून दांडा निघाला. मुसळाएवढा जाड. चोवीस वर्षांत पहिल्यांदा! उंची एक फूट चार इंच. उद्यापासून रोज मोजणार. त्यासाठीच ही वही.

५ एप्रिल, शनिवार

दोन फूट एक इंच. दिवसाला साडेचार इंच! मोजपट्टी पुरणार नाही. बांबूवर रंगानं इंचांच्या खुणा केल्या.

८ एप्रिल, मंगळवार

वहिनींनी दांड्याला कुंकू लावलं. ‘चोवीस वरसानं तोंड उघडलं बगा तुमच्या दोस्तानं.’ एवढ्या हसताना मी त्यांना नऊ वर्षांत बघितलं नव्हतं. गल्लीभर सांगून आल्या — ‘आमच्या ह्यांच्या झाडाला फूल यायलंय.’

मी आत येऊन ट्रंकेतलं बागेचं इंग्रजी पुस्तक काढलं. परभणीला रद्दीत मिळालेलं, शब्दकोश शेजारी ठेवून वाचायचं. चार ओळींना पाऊण तास गेला. शब्द तोच निघाला, दोनदा बघितला. हे झाड आयुष्यात एकदाच फुलतं. आणि फुललं की मरतं.

पुस्तक परत ट्रंकेत. कुणाला बोललो नाही. बोरीत हे माझ्याशिवाय कुणाला माहीत असायचं कारणही नाही.

१२ एप्रिल, शनिवार

पाच फूट.

दुपारी करवत घेऊन गेलो. दांडाच कापला तर? ऊन असं, की करवतीची मूठ भाजत होती. पातं लावलं. मग आठवलं, त्याच पानावर खाली बारीक अक्षरात होतं — दांडा कापून उपयोग नाही, झाडानं आतून ठरवलेलं असतं. उभाच राहिलो.

राजेश्री मागच्या दारातून म्हणाली, ‘आता ह्याच्यावर पन काई प्रयोग करायलाव का?’ बायकोला सगळं सांगतो मी. हे सांगितलं नाही. ती वहिनींजवळ बोलली असती.

बिघडलेलं यंत्र असतं तर उघडून बघितलं असतं. हे बिघडलेलं नाही, हेच तर अवघड आहे!

१७ एप्रिल, गुरुवार

मोगऱ्याच्या आज दोनशे चौदा कळ्या. अनंताची सात फुलं. मधुमालतीनं मांडवाच्या रिंगा दिसेनाशा केल्या. वैशाख लागायच्या आधी एवढा बहर गेल्या सहा वर्षांत नाही. पण येणारा जो तो घायपाताकडं मान वर करतो. सात फूट एक इंच. आजपासून शिडी.

दत्तराव रस्त्यावरूनच ओरडला, ‘दिनकरराव, मोबाइलचा टावर उभा करायलाव का? रेंज येऊ द्या आमाला पन!’

वहिनी त्याला म्हणाल्या, ‘केकताडाला एवढं फूल येतंय, तुमच्या डोक्यात कामून येईना काई?’ सगळे हसले. मी मात्र दुरुस्त केलं — हे केकताड नाही. केकताड बांधावर असतं. हे बागेतलं घायपात, पिवळ्या काठाचं, जातिवंत. पाटीवर लिहिलंय तसं. वहिनी म्हणाल्या, ‘व्हय भावजी.’

२४ एप्रिल, गुरुवार

दहा फूट तीन इंच. खालची पानं किंचित मऊ लागली. बोटानं दाबलं तर खळगा राहतो. माझा भास असेल.

अकराच्या सुमारास आबासाहेब गाडीतून आले. देवगाव फाट्याजवळ त्यांचं मंगल कार्यालय आहे, लॉन्ससकट. गाडीतून उतरले ते वरच बघत. ‘बारा तारखेला लेकीचं लग्न हाय. तवर फुलंल का?’ मी म्हणालो, फुलेल. ‘मंग द्या आपल्याला. जेसीबी मपला, माती-मुळीसगट न्हेतो. पैसे मोजून देतो, तुमी बोला.’ मी बोललो नाही, तर आकडा तेच बोलले.

आकडा इथं लिहीत नाही. लिहिला की तो वहीत बसून राहतो.

नाही म्हणालो. मरणारं झाड कुणाच्या गळ्यात मारायचं? जून-जुलैत ते त्यांच्या दारात कोलमडलं असतं, आणि लोक म्हणाले असते, दिनकररावनं फसवलं. तीस वर्षं मोटारी भरून देतोय, एकाही गिऱ्हाइकाची मोटार परत आली नाही. बरं, खरं कारण सांगावं तर ते चार दिवसांत वहिनींच्या कानावर जाणार. म्हणून एवढंच म्हणालो — विकायचं नाही. आबासाहेब म्हणाले, ‘लय ताठ हाव तुमी.’ असेन.

रात्री ताटावर राजेश्री म्हणाली, ‘वैनीला विचारलं का?’

मी म्हणालो, विचारायचं काय त्यात.

३० एप्रिल, बुधवार. अखिती.

दुपारी चार वाजता वावधान सुटलं. आधी धूळ, मग गारा, मग नुसता वारा. दांडा तेरा फूट, वरून जड. हिसके देत होता. मी मोटारीचा जाड दोर घेऊन धावलो. एक टोक मांडवाला, एक चिंचेला, एक बोअरच्या पाइपाला. तीन दिशांनी ताण समान पाहिजे, नाहीतर दांडा मधूनच तुटतो. तिन्ही गाठी बसवल्या. हाताची कातडी गेली, पण दांडा राहिला!

मग मागं वळलो. वहिनींच्या घरावर आभाळ दिसत होतं.

पत्रे उडाले होते. दोन खोल्यांचे सगळे. काही दत्तरावच्या शेतात, काही कुठं कुणास ठाऊक. वहिनी मधल्या दाराच्या चौकटीत उभ्या, डोक्यावर पितळी परात धरून. तिथून त्यांना मी दिसत होतो, गाठी मारताना. हाका मारल्या असतील. मला ऐकू आल्या नाहीत.

एवढंच म्हणाल्या, ‘दांडा ऱ्हायला का?’

१ मे, गुरुवार

वहिनी आमच्याकडं झोपल्या. मी सकाळी त्यांच्या घराचं माप घेतलं. वासे चार मोडले. एका बाजूची भिंत वरून दोन फूट गेली. पत्रे, पाइप, विटा, सिमेंट, गाडीभाडं — अठ्ठावीस हजार चारशे. मजुरी धरली नाही, कारण ती माझी. वेल्डिंग माझं, बांधकाम माझं. दहा दिवसांचं काम. मृग लागायला पाच आठवडे आहेत.

वहिनींना म्हणालो, उद्यापासून सुरू करतो.

‘न्हाई भावजी.’

का?

‘तुमचं मन मोठं हाय. पन एकल्या बाईच्या घरावर दुसऱ्यानं छप्पर टाकलं की लोकं छपराकडं न्हाई, बाईकडं बगतेत. ह्यांच्या माघारी कुनाचा रुपाया घेतला न्हाई मी. मपला पैका असता तर तुमालाच म्हनले असते, चढा वर.’

राजेश्रीकडून द्यावे म्हणालो. उसने म्हणून द्यावे म्हणालो. ‘फेडू कशातून?’ विषय संपला.

४ मे, रविवार

वहिनींचा जावई, माधवीचा नवरा महारुद्र आला, चाकणहून. पोरगा वाईट नाही. पाया पडला. ‘काका, तुमी लय केलं. पन आता आत्याला तिकडंच न्हेतो. ह्या पडक्यात पैसे घालून काय उपेग? माधवी बी रोज रडायलीय फोनवर.’

मी म्हणालो, घर पडकं नाही, पत्रे उडालेत. दोन्हीत फरक आहे. भिंतीचं माप दाखवलं, कागदावर काढलेलं. त्यानं कागद बघितला, नीट घडी घातली, आणि मला परत दिला. ‘सासूच्या घराला दुसऱ्यानं छत टाकावं न मी बगत ऱ्हावं, बरं दिसतंय का सांगा तुमीच.’

कागद खिशात घातला.

वहिनी भाकरी थापत ऐकत होत्या. तो बाहेर गेल्यावर म्हणाल्या, ‘मागल्या वर्सी गेल्ते की. तिकडं दार उघडलं का समोर दुसऱ्याचं दार. खाली माती दिसत न्हाई, भावजी.’ एवढं बोलून थापायला लागल्या.

जायचं सोळा तारखेला ठरलं.

चौदा फूट सहा इंच.

९ मे, शुक्रवार

फुललं. सर्वांत खालच्या फांदीवर, ताटासारखे पिवळे झुपके, वर बघत. सूर्य उगवायच्या आधीच माश्या आल्या, घोंघावणं घरात ऐकू येतंय. सोळा फूट दोन इंच. हे शेवटचं माप. आता उंची वाढत नाही, आता नुसतं वरवर फुलत जाणार.

खालची पानं सुरकुतली. भास नाही. दांडा सगळं शोषून घेतोय. ठिबक सोडून बघितलं, शेणकाला घातला, सावलीला साडी बांधली. मलाही माहीत आहे, कशाचाही उपयोग नाही. तरी केलं.

१३ मे, मंगळवार

सांगितलं.

सोळाला त्या जाणार. तिकडं कुणीतरी फोनवर सांगायचं की झाड मेलं, त्यापेक्षा माझ्या तोंडून. मांडवाखाली बाज टाकून बसल्या होत्या, मोगऱ्याच्या कळ्या निवडत. मी पुस्तकच घेऊन गेलो, पान उघडून. म्हणालो, वहिनी, एक गोष्ट महिनाभर दाबून ठेवलीय. हे झाड —

‘मरनार हाय. ठावं हाय मला.’

मी पुस्तक मिटलं.

‘भावजी, मी पालमकडची. बांधावरच्या केकताडाचे दोर वळलेत आमी ल्हानपनी. पानं कुजवायची, ठेचायची, वाक काढायचा, हाताची सालं निघायची. दांडा आला का माय म्हनायची, आता ह्याला हात लावू नगा, ह्याचं झालं. आठ वर्सांची होते मी. तुमचं पिवळ्या काठाचं आसलं तरी शेवटाला केकताडच की ते.’

मग मला का सांगितलं नाही?

‘तुमी रोज शिडी लावून मोजायलाव, लेकराची उंची मोजल्यावानी. कसं सांगावं?’

म्हणजे कुंकू लावलं, गल्लीभर सांगितलं, हसल्या — ते सगळं माहीत असून.

कळ्या निवडत म्हणाल्या, ‘एक पिल तेवढं द्या. डब्यात लावून न्हेते.’

घायपाताच्या बुडाशी पिलं येतात. चोवीस वर्षं येत होती. दर पोळ्याला मी ती मुळासकट उपटून उकिरड्यावर टाकत आलो. वाफा स्वच्छ दिसावा म्हणून. पाटीपुढं गिचमिड नको म्हणून. वाकून बघितलं, गुडघ्यावर बसून, चारी बाजूंनी, मग खुरप्यानं वीतभर माती उकरून.

एकही नाही.

१६ मे, शुक्रवार

वहिनी गेल्या. महारुद्रनं जीप आणली होती. सामान थोडंच. जायच्या आधी झाडाला एक तांब्या पाणी घातलं. आज मी काही म्हणालो नाही.

माझ्या हाताकडं बघून म्हणाल्या, ‘दोर सोडा आता त्याचे. उगं काचायलेत.’ मग राजेश्रीच्या गळ्यात पडल्या. मला म्हणाल्या, ‘तुमी लय केलं, भावजी.’ राजेश्री माझ्याकडं बघत होती. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होतो.

संध्याकाळी दोर सोडले. दांडा हललाही नाही. ते दोर लागतच नव्हते बहुतेक.

२० मे, मंगळवार

पंप आणायला देवगाव फाट्याला गेलो. हॉटेलात आबासाहेब भेटले. लग्न मजेत झालं म्हणाले, चहा सांगितला. म्हटलं, आता तरी सांगावं. ते झाड फुललं की मरतं हो, तुमची फसवणूक नको म्हणून नाही म्हणालो.

हसत सुटले. ‘ते मला ठावं न्हवतं का? दोनशे केकताडं हायेत मपल्या बांधावर! चार दिवस मांडवाच्या दारात पायजे होतं, दिनकरराव. मंग मरंना का!’

चहा तसाच ठेवून आलो.

आता तो आकडा लिहितो. चोवीस एप्रिलला, वावधानाच्या सहा दिवस आधी, सितारामच्या झाडाचे आबासाहेब रोख देत होते. वहिनींना न विचारता मी नको म्हणालो. एकतीस हजार.