गोळीविना कोलेस्टेरॉल

३ जून, रात्री ९
रिपोर्ट आला. वाईट कोलेस्टेरॉल १९२. डॉक्टरबाईंनी गोळी लिहून दिली, वर खाणंही सांभाळा म्हणाल्या. गोळीचं माहितीपत्रक वाचलं. शुद्धलेखनाच्या तीन चुका! पंचवीस वर्षं प्रेसमध्ये प्रुफं तपासणारा माणूस असल्या कागदावर विश्वास कसा ठेवणार? गोळी रद्द. उद्यापासून ओट्स, जवस, अक्रोड, लसूण.

४ जून
ओट्स खाल्ले. चव भिजलेल्या पुठ्ठ्याची. पण अंगात हलकेपणा जाणवला. बायको म्हणाली, त्याला भूक म्हणतात.

९ जून
महिन्याचे अक्रोड एका बैठकीत संपले. चांगली गोष्ट कमी का खायची? नंतर पाव-लोणी. लसूण पोटात असला की लोणी बाधत नाही, असं माझं निरीक्षण.

१५ जून
लसूण लागू पडतोय. प्रेसमधल्या मशीनवाल्याने माझं टेबल आपणहून खिडकीपाशी सरकवलं. मान वाढला.

२१ जून
ताईकडे गेलो. दाजींना चार वर्षांपूर्वी अटॅक येऊन गेला, तेव्हापासून रोज हीच गोळी. गोळीने पाय दुखतात म्हणाले. तासभर समजावलं. ताई म्हणाली, तू डॉक्टर आहेस का? मी म्हटलं, नाही, म्हणूनच निःपक्षपाती आहे. दाजींना पटलं. माणूस समंजस. जवसाचा डबा त्यांना देऊन टाकला. नाहीतरी आमच्याकडे त्याला कोणी शिवत नव्हतं.

६ जुलै
दाजींचा फोन. गोळी सोडली, पाय दुखायचे थांबले. मी म्हणालोच होतो! माझा नवा रिपोर्ट २०४. मधलं शून्य नक्कीच छपाईची चूक. ओट्स तात्पुरते स्थगित.

२ ऑगस्ट, दुपारी ४
दाजींना अटॅक. आयसीयूबाहेर बसलोय. डॉक्टर म्हणाले, जवस खा, बिघडत नाही. पण एकदा अटॅक आलेल्याने न विचारता गोळी सोडायची नसते. पाय दुखत होते तर सांगायचं, दुसरी गोळी दिली असती. मी विचारलं, त्यामुळेच झालं का? म्हणाले, तसं छातीठोक सांगता येणार नाही. ताईला एवढंच शेवटचं वाक्य सांगितलं. आधीचं सांगायचं राहिलं.

३ ऑगस्ट
ताईला आधीचंही कळलं. डॉक्टरांनीच सांगितलं. ती उठून बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

६ ऑगस्ट
दाजी वॉर्डात आले. आवाज खोल गेलाय. म्हणाले, तुझा काय दोष, ऐकलं मीच. मला हे ऐकवेना. बायकोने पर्समधून माझी गोळी काढली. नर्सने दाजींना त्यांची दिली. दोघांनीही घेतली. मग ताई चार दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, तोंड उघडून दाखव.
दाजींना तसं सांगितलं नाही. फक्त मला.